काकीने पाळलेली भुतं

इतर मुलांना भुताची भीती घालून झोपवायचे. मला भुताच्या गोष्टीनेच झोप लागायची, कारण त्या गोष्टीत माझी आई असायची. साखळीहून कारापूरच्या बाजूला आलं की आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, टोकाला खाणीचा डोंगर लागतो. त्याच्या पायथ्याशी एक बंद इस्पितळ होतं, आणि त्या इस्पितळाच्या पायरीवर बसून माझी आई केस विंचरते, असं काकीने मला सांगून ठेवलं होतं. शाळेत बाईंनी विचारलं, "तुझी आई काय करते?" मी सांगितलं, "केस विंचरते." त्यावरून बाईंनी वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. वडील गेले, खाली मान घालून उभे राहिले आणि परत आले. घरी मला कोणी ओरडलं नाही.

आमचं घराणं मूळचं सावंतवाडीकडचं. गोवा मुक्त झाला, खाणींना बरकत आली, तेव्हा आजोबा दोन मुलांना घेऊन इकडे आले आणि इकडचेच झाले. थोरला मुलगा लवकर वारला. त्याची बायको ती माझी काकी, तिला मूलबाळ नव्हतं. धाकटे ते माझे वडील, खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणमालकाने कामगारांसाठी डोंगराखाली छोटं इस्पितळ बांधलं होतं. बैठी इमारत, वर नळ्यांचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, मोठाली जनेलं, म्हणजे खिडक्या, आणि पुढे लांबलचक व्हरांडा. काकी तिथे आया होती. सुया उकळायच्या, रोग्यांना उठवायचं-बसवायचं, जन्मलेल्या पोरांना न्हाऊ घालायचं ही तिची कामं. आमच्या वाड्यातल्या माझ्याहून थोड्या मोठ्या प्रत्येकाला पहिली आंघोळ काकीने घातलेली, आणि हे ती भांडणात हमखास काढायची. पंचायतीचा माणूस जरा चढ्या आवाजात बोलला की ती म्हणायची, "माझ्याकडे डोळे वटारू नको. तुझा सगळा मी धुतलला आसा."

मग डोंगरातलं खनिज संपलं. खाण दुसऱ्या डोंगरावर गेली आणि तिच्या पाठोपाठ डॉक्टरही गेले. इस्पितळाच्या दारांना कुलपं लागली. आईला त्याच दिवसांत कळा सुरू झाल्या.

काकीला वाटलं, डॉक्टर अजून सामान आवरत असतील. वडिलांनी ट्रक काढला, काकीने आईला धरून इस्पितळापर्यंत आणलं. बाळंतखोलीचं दार थेट व्हरांड्यात उघडायचं, त्याला भलंमोठं कुलूप. काकीने दार बडवलं, वडिलांनी हॉर्न वाजवून डोंगर हलवला. आई पायरीवर बसून राहिली. आत कोणी नव्हतंच. मग पुन्हा ट्रकात घालून साखळीकडे निघाले, तर पुढे खनिजाच्या ट्रकांची रांग. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे मी जन्मले आणि पूल ओलांडण्याआधी आई गेली. काकीने मला पदरात गुंडाळलं, ते पुढे कधी सोडलंच नाही. वडिलांनी त्यानंतर इस्पितळावरून ट्रक नेला नाही. लांबचा वळसा घेऊन जायचे, आणि डिझेल जास्त का लागतं म्हणून मालकाची बोलणी खायचे.

आईचा फोटोसुद्धा नव्हता. फोटो काढावा असं काही तिच्या हयातीत घडलंच नव्हतं. त्यामुळे माझी तिची जी काही ओळख, ती काकीच्या गोष्टीतली. ती बाहेर पायरीवरच का, आत का जात नाही, हे मला कळायचं नाही. मी विचारायचे, "ती भुतूर कित्याक जाय नाय?"

"कुलूप आसा गो थय."

"भुतांक कुलूप कसला? ती भिंतीतसून जातत."

"बाकीची जातत. तुझी आवस पडली शिस्तीची. कुलूप दिसला की ती भायरच बसतली."

हे मला पटायचं. आपली आई शिस्तीची आहे याचा मला अभिमानही वाटायचा.

बाकीची, म्हणजे इस्पितळातली इतर भुतं. ती कशी आली हे सांगायला हवं, कारण ती आपोआप आली नव्हती, काकीने आणली होती. इस्पितळ बंद झालं आणि वाड्यातल्या सज्जन माणसांनी मागच्या जनेलातून एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. कोणी बालदी नेली, कोणी मेज. लोखंडी खाटा गेल्या. विहिरीवरची कप्पी गेली. छपराचे नळे गोठ्यांवर चढले. काकी बघत होती आणि आतल्या आत जळत होती. आईला पुलाअलीकडे गमावल्यापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. इस्पितळ पुन्हा कधीतरी उघडणार, आणि उघडेल तेव्हा आत काहीतरी शिल्लक असायला हवं. तिने पंचायतीत जाऊन सांगून पाहिलं. ऐकणाऱ्याच्याच घरी इस्पितळाचं मेज होतं, तो काय दाद देणार?

मग एका सकाळी, पोदेर पाव घेऊन आला आणि त्याच्याभोवती बायका जमल्या, तेव्हा काकीने आवाज खाली आणून सांगितलं की पाय मोडलेला मुकादम अजून खाटेवरच आहे. जो खाट नेईल त्याच्या घरी तोही जातो. रात्री शेजारी येऊन निजतो आणि घोरतो. पोदेर सायकलवरून साखळीपर्यंत पाव वाटायचा. त्या दिवसापासून पाव आणि काकीची भुतं एकदमच वाटली जाऊ लागली.

खाटा जायच्या थांबल्या. काकीला जोर आला. नळ्यांसाठी तिने दम्याचा म्हातारा बसवला. तो वाशांवर उकिडवा बसून खोकतो आणि जो नळा काढेल त्याच्या छपरावर बसायला येतो. विहिरीसाठी इस्पितळाचा मेलेला कुजनेर, म्हणजे स्वयंपाकी. विहिरीचं काही पळवणाऱ्याच्या घरची पेज त्याच्यामुळे कायमची अळणी लागणार. ही माणसं खरीच होती बरं का. मुकादम बरा होऊन आपल्या गावी गेला होता आणि तिथे सुखाने नांदत होता. म्हातारा घरीच, मुलांच्या मांडीवर गेला. कुजनेर तर पुढे कित्येक वर्षं डिचोलीला खानावळ चालवत होता. काकी त्याच्याकडे जाऊन भजी खाऊन यायची आणि इथे त्याचं भूत सांगायची. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. "तेका काय लागता?" ती म्हणायची. "तो थय पोटभर जेवता, हय राखण करता."

फक्त आई कशाचीच राखण करत नव्हती. ती माझ्यासाठी होती.

मी त्या भुतांच्या अंगाखांद्यावर वाढले म्हटलं तरी चालेल. शाळेतून येताना इतर पोरं इस्पितळाजवळ आली की दप्तरं आवळून धूम ठोकायची. मी सावकाश चालायचे. पायरीकडे बघायचे. पायरीवर कधी ऊन असायचं, कधी एखादं कुत्रं, आणि कुत्रं दिसलं की मी त्याला हाकलायचे, कारण ती जागा धरलेली होती. मोठी झाले तशी मला अक्कल आली आणि काकीने हे सगळं रचलंय हे कळलं. मी तिला तसं म्हटलंही. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कळला ना? मगे आता कोणाक सांगू नको." मी कोणाला सांगितलं नाही. आणि खोटं कळल्यावरही पायरीकडे बघायची सवय गेली नाही.

मी बारावी होऊन साखळीत एका कापडाच्या दुकानात कामाला लागले होते, तेव्हा ती बातमी आली. सरकारने इमारत ताब्यात घेतली होती आणि तिथे आरोग्य उपकेंद्र उघडणार होतं. बाळंतपणंसुद्धा होणार. काकीने त्या दिवशी घरात गोड केलं आणि वडिलांनी दोनदा मागून घेतलं.

नर्स आली ती पेडण्याची. वयाने माझ्याहून थोडी मोठी, पांढरी साडी, हातात जेवणाचा डबा आणि छत्री. तिने पुढची खोली झाडून घेतली, भिंतीवर बाळाचं चित्र लावलं आणि खुर्ची टाकून बसली. ती बसलीच होती. कोणी येईना. सर्दी-पडशालासुद्धा लोक बस धरून साखळीला जाऊ लागले. पोटुश्या बायकांना तर सासवांनी तिकडे बघूही दिलं नाही. मुकादम शेजारी येऊन निजतो त्या खाटेवर सुनेला कोण ठेवणार? नर्स बिचारी दुपारी आमच्याकडे येऊन आमटी-भात खायची आणि रडकुंडीला यायची. पणजीहून साहेब येऊन बघून गेले होते. कोणी येत नसेल तर केंद्र दुसऱ्या गावात हलवू, असं सांगून गेले होते.

काकीचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं जपलेलं इस्पितळ तिच्याच राखणदारांनी अडवून धरलं होतं.

तिने सरळ मार्ग धरला. ज्या जागी खोटं सांगितलं होतं तिथेच खरं सांगायचं ठरवलं. सकाळी पोदेर आला. आता जुन्या पोदेराचा मुलगा यायचा. बायका पाव घ्यायला जमल्या. काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आयका गो सगळ्यांनी. ती भुतां माझी. मीच रचली. तुम्ही खाटी चोरूक लागलास म्हणान."

शेजारीण घाबरून इकडेतिकडे बघायला लागली. "असां म्हणू नको गो. ती आयकतली."

"आयकूक आसा कोण थय?"

"मुकादम तुझो कसो?" दुसरी तणतणली. "माझ्या घोवान तेका बघललो. तू सांगूच्या आधी."

पोदेर तर दुखावलाच. "माझी सायकल तेणा मागसून धरल्यान, ता काय खोटां? मी खोटां बोलतंय?"

काकी घरी आली ती पाय आपटत. "माझ्याच भुतांची वळख माका करून देतत!" दिवसभर भांडी आदळत होती. मी हसत होते, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला दिसलं, तेव्हा हसू आवरलं. केंद्र गेलं असतं तर ती त्यातून उठली नसती. पुन्हा कुणीतरी ट्रकात घालून कुणालातरी नेणार, आणि या खेपेला दाराला कुलूप काकीने लावलेलं असणार, असं तिला वाटत होतं. तसं तिने मला बोलूनही दाखवलं.

वाट दाखवली ती नर्सने. दुपारी जेवता जेवता ती म्हणाली, "काकी, आमच्या पेडण्याक भुताक कोण खोटां म्हणनत नाय. तेका इचारतत, तुका काय होया. ता दिलां की ता गप जाता."

काकीचा हात भातातच थांबला. "इचारतत?"

"व्हय. आणि मागला ता देवचा लागता. नायतर जाय नाय."

"सगळ्या गावान देवचा?"

"सगळ्या गावान."

काकीने पुढचा घास अगदी सावकाश खाल्ला. तिचा तो चेहरा मी ओळखत होते. बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालू झाल्यावर घरात जसं बरं वाटतं, तसं मला वाटलं.

आमच्याकडे अशा कामाला घाडी लागतो. तो गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो आणि दिसत नाहीत त्यांच्याशी बोलतो. आमचा घाडी म्हातारा, भला माणूस. त्याच्या घरी इस्पितळाची एक खाट होती आणि नातू तिच्यावर निजायचा, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. त्याने एकच अट घातली की काम सकाळी करायचं. "रातचा माका दिसणा नाय," तो म्हणाला.

ठरल्या सकाळी सगळा वाडा इस्पितळासमोर जमला. पुरुष आंब्याखाली, बायका जरा लांब, पोरं कुंपणावर. नर्स व्हरांड्यात खुर्चीवर. वडिलांचा ट्रक रस्त्यावर उभा होता आणि वडील ट्रकाला टेकून. मी जन्मल्यापासून ते इतके जवळ प्रथमच आले होते. घाडीने केळीच्या पानावर तांदूळ ठेवले, नारळ हातात घेतला, भुतांना शिवेबाहेर न्यायची टोपली पुढ्यात ओढली आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरुषांनी आवाज दिला.

हयसर जी कोण अडकान पडली आसत, तेंका काय होया ता गाव देतला, घेवन तेंनी शिवेभायर जावचा, असं गाऱ्हाणं त्याने घातलं. मग काकीला पुढे बोलावलं. इस्पितळात त्यांना उठवलं-बसवलं ते हिने, तेव्हा ती हिच्याशीच बोलणार, यात कुणाला काही शंका नव्हती.

"मुकादम काय मागता?" घाडीने विचारलं.

काकीने डोळे मिटले. "तेका खाट होई. तेच्या खाटी गावात गेल्यात. सगळ्या परत येय नाय तवसर तो हलाचो नाय."

घाडी खोकला. नारळाची शेंडी उगाच नीट करत राहिला. मग म्हणाला, "देतलो. व्हय म्हाराजा."

आंब्याखालून जरा उशिराने आणि जरा बारीक आवाजात आलं, "व्हय म्हाराजा."

"दम्याचो म्हातारो?"

"तेच्या टकल्यार पावस पडता. नळे होये. आणि जनेलांक काच."

"भुताक काच कित्याक?"

"वारो लागता. दमो आसा तेका."

नर्सने पदर तोंडात कोंबला. मी तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली, नाहीतर दोघींची फजिती झाली असती. कुजनेराने विहिरीतला गाळ काढून मागितला, नवा दोर आणि गेलेली कप्पी मागितली. शिवाय चुलीची खोली सारवून. काकी इस्पितळाच्या एकेका खोलीतून मनातल्या मनात चालत होती आणि जिथे जे कमी दिसेल ते भुतांच्या तोंडी घालत होती. गाव "व्हय म्हाराजा" म्हणत होतं. काकीला मनातून केवढा आनंद होत असेल, या विचाराने मला तिचा मुका घ्यावासा वाटत होता.

मग घाडीने आवाज खाली आणला. "आणि पायरीवयली?"

शाळेतल्या माझ्या त्या उत्तरापासून आईही साऱ्या वाड्याला ठाऊक झाली होती. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, मग वडिलांकडे. मला माहीत होतं की हे सगळं रचलेलं आहे. मी काकीच्या तोंडून ते ऐकलं होतं. आणि तरी मी पायरीकडे बघितलं. मुकादम जाईल, म्हातारा जाईल, आणि त्यांच्या बरोबर आईलाही टोपलीतून शिवेबाहेर नेऊन ठेवतील. मग मी येता-जाता कुठे बघू? खोटी का होईना, माझ्याकडे तेवढीच आई होती. मी पुढे झाले आणि काकीचा पदर धरला, लहान असताना धरायचे तसा.

इतका वेळ तिची जीभ भराभर चालली होती. आता तिने माझ्या हाताकडे बघितलं.

"ती खय जावची नाय," ती म्हणाली.

आंब्याखाली कुजबुज झाली. घाडीने मान हलवली. "तसां चलाचा नाय. एक ठेवलंस तर सगळी परततली."

"तिका काय होया ता आधी आयक."

"सांग."

"ह्या दाराक परत कुलूप लागता नये," काकी म्हणाली. "दिसाचा नाय, रातचा नाय. बाळतीण दारात इली आणि दार बंद, असा परत होता नये. ता बघूक ती हयसरच रवतली. आणि बायलांनू, तिका भिया नकात. तिणा कोणाचा काय वाकडा केल्यान? ती बिचारी पायरीर बसान रवली."

मग पाव घेताना काकीला गप्प करणारी ती शेजारीण, जिची सून तेव्हा पोटुशी होती, मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा." गाऱ्हाण्याला बायकांनी आवाज द्यायची आमच्याकडे रीत नव्हती. पण तिच्या मागून सगळ्या बायका बोलल्या, आणि मग पुरुष. घाडीने नर्सकडे बघितलं. सरकारी इमारत म्हटल्यावर कुलूप तिच्या हातात होतं.

"औषधांच्या कपाटाक लावतलंय," नर्स म्हणाली. "दाराक नाय."

बाळंतखोलीचं जुनं कुलूप मात्र अजून लटकत होतं. चावी कुणाकडे नव्हती आणि फोडायला कुणी धजलं नव्हतं. काय करायचं यावर पुरुष एकमेकांकडे बघू लागले, तेवढ्यात मागून वाट झाली. वडील येत होते. हातात ट्रकाची टामी, चाकं काढायची लोखंडी पहार. ते पायरीशी आले आणि थांबले. मग पायरीची ती जागा सोडून, कडेने व्हरांड्यात चढले. टामी कडीत घातली आणि अंगाचा भार टाकला. कुलूप कोयंड्यासकट उखडून आलं. ते त्यांनी उचललं आणि हातात धरून उभे राहिले, त्याचं काय करावं हे न कळल्यासारखे. ते रडत होते. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला फार बरं वाटलं.

घाडी पुढे झाला. त्याने वडिलांच्या हातातून कुलूप घेतलं, टोपलीत नारळाच्या शेजारी ठेवलं. म्हणाला, "तिच्या बदली ह्या जातला." आणि टोपली डोक्यावर घेऊन तो शिवेकडे निघाला, मागून पुरुष.

दुसऱ्या दिवसापासून खाटा यायला लागल्या. पहिली घाडीची. मेज आलं, कप्पी आली, आम्हाला माहीत नसलेल्या आणखी कितीतरी वस्तू आल्या. नळे वडिलांनी स्वतः ट्रकातून आणले, इस्पितळाच्या समोरच्या रस्त्याने. आणि पुढे ते त्याच रस्त्याने जाऊ-येऊ लागले. मुकादम पुरता गेला म्हणायचा तर नाही, पोदेराला तो शिवेपलीकडे बसची वाट बघताना दिसला. पण खाटेवर आता तो नव्हता एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. शेजारणीची सून तिथेच बाळंत झाली आणि नर्सने सांगितलं नसताना काकीने त्या पोराची पहिली आंघोळ आपल्याकडे घेतली. साहेब पुन्हा येऊन गेले. केंद्र राहिलं.

लग्न होऊन मी कारापूरलाच गेले, आणि माझी लेक त्याच खोलीत जन्मली. सकाळीच सगळं आटोपलं. पेडण्याची नर्स आता अंगाने भरली होती आणि मला हुकूम सोडत होती. वडील बाहेर व्हरांड्यात बसले होते. त्यांनी दाराला एक दगड लावून ठेवला होता, वाऱ्याने लागू नये म्हणून. जनेलांना काचा होत्या. काकी म्हातारी झाली होती, पण न्हाऊ घालताना तिचे हात थरथरत नव्हते.

पडल्या पडल्या माझी नजर दारातून पायरीकडे गेली. काही ठरवून नाही, सवयच ती. पायरीवर ऊन होतं.

काकीने ते बघितलं. "थय काय बघतंस गो?" ती म्हणाली. "दार उघडां असताना ती भायर कशाक बसात?"

तिने बाळाला माझ्या कुशीत ठेवलं. मग ती खाटेच्या पायथ्याशी बसली, आणि बसताना जरा सरकली, अजून एक बाईमाणूस मावेल एवढी जागा सोडून.